भिंतीवर गायतोंडे हवेत, पण छापील चालतील का?

पत्र थोडक्यात असं: बडोद्याच्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय ५६, बँकेत नोकरी. दांडिया बाजारातलं जुनं घर विकून मागच्या वर्षी त्या भायलीला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. दिवाणखान्यात झोपाळ्यासमोरची दहा फुटी भिंत अजून कोरी आहे. मुंबईला एका प्रदर्शनात पाहिलेली चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची अमूर्त चित्रं त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. एका ऑनलाइन कंपनीने तीन चित्रांचा सेट सुचवलाय: मधोमध चार बाय पाच फुटांचा गायतोंडे, एका बाजूला चित्रकार सय्यद हैदर रझांचं 'बिंदू' चित्र आणि दुसऱ्या बाजूला 'रंगाला जुळणारं' काहीतरी. सगळं कॅनव्हासवर छापलेलं, 'म्युझियम क्वालिटी', 'लिमिटेड एडिशन', वर अस्सलपणाचं सर्टिफिकेट. फ्रेमसकट ६२,००० रुपये. यजमान म्हणतात, "नक्कल ती नक्कल. एवढ्या पैशात खरं काहीतरी घे, नाहीतर भिंत तशीच राहू दे." यजमानांचे एक मित्र फाइन आर्ट्‌सला शिकलेले आहेत, ते येऊन हसतील ही धास्ती वेगळीच. सासूबाईंचं मत असं की त्या डागांपेक्षा घरची जुनी लक्ष्मी लावावी. ती सध्या लुगड्यात गुंडाळून लॉफ्टवर ठेवली आहे. ताई विचारतात, छापील चित्र लावण्यात कमीपणा आहे का? आणि नसेल, तर एवढे पैसे त्यात घालावेत का?

ताई, नमस्कार.

गायतोंड्यांकडे नंतर येते. आधी सासूबाईंची लक्ष्मी लॉफ्टवरून खाली काढा, लुगडं सोडा, आणि यजमानांना शेजारी बसवून चित्राच्या खालच्या कडेची बारीक अक्षरं वाचा. रविवर्मा प्रेसचं नाव आणि पुढे मुंबई किंवा कार्ला-लोणावळा असं काही दिसलं, तर तुमच्या घरात ओलिओग्राफ आहे. म्हणजे दगडावरून छापलेलं आणि वर वॉर्निश फिरवून तैलचित्राचा भास आणलेलं चित्र. थोडक्यात, छापील. ज्या घरात तीन-चार पिढ्या छापील लक्ष्मीपुढे उदबत्ती लागली, तिथे 'नक्कल ती नक्कल' हा कायदा नेमका गायतोंड्यांच्याच वेळी कसा काय निघाला, एवढं यजमानांना हसत हसत विचारा.

बडोद्याला तर हे नवं नाहीच. सयाजीराव महाराजांनी १८८८ साली नव्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रविवर्म्यांना रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चौदा चित्रं सांगितली. राजवाड्यातलं चित्र राजवाड्यातच राहणार, ते सामान्य माणसाच्या घरी पोचायचं तर छापायलाच हवं. ही छपाईची कल्पना रविवर्म्यांच्या डोक्यात घालणारे सर टी. माधवराव एकेकाळी आपल्या बडोद्याचेच दिवाण होते. १८९४ साली गिरगावात छापखाना निघाला, शकुंतलेच्या जन्माचं चित्र आधी छापलं गेलं, आणि पुढे तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रावपुऱ्यात, मांडवीत, दांडिया बाजारात ज्यांचे वाडे होते त्यांच्या देवघरात आणि ओटीवर तिथलीच सरस्वती, लक्ष्मी, विश्वामित्र-मेनका टांगलेली असायची. काही घरांत तर बायकांनी त्या चित्रातल्या देवीच्या साडीला खरी जर आणि टिकल्या लावल्या. मूळ चित्र राजवाड्यात आहे म्हणून कुणी आपल्या भिंतीवरच्या देवीला कमी लेखलं नाही.

आता एक काम करा. सराफाकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग कुठून तरी मिळवा आणि लक्ष्मीच्या गालावर धरा. ओलिओग्राफ असेल तर रंगाचे ठिपके वेडेवाकडे, लहानमोठे दिसतील, कारण कारागिराने ते दगडावर हाताने उठवलेले असतात आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. ठिपके एकसारख्या जाळीत, बारीक गोलगोल फुलं मांडावीत तसे दिसले, तर ते नंतरचं ऑफसेटचं चित्र, कॅलेंडरवर असतं तसं. मग कंपनीकडून छपाईचा हातभर तुकडा नमुना म्हणून मागवा आणि त्यावरही भिंग धरा. तिथे जाळी नसेल, शाईचे अतिशय बारीक तुषार असतील. 'जिक्ले' म्हणून जे भारदस्त नाव कंपनी सांगते ते हेच, उत्तम दर्जाची इंकजेट छपाई. यात वाईट काही नाही. फक्त साठ हजार मोजण्याआधी आपण काय विकत घेतोय ते डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

यजमानांच्या आक्षेपात मात्र एक गोष्ट खरी आहे. छापील चित्र जेव्हा आपण छापील नसल्याचं सोंग आणतं, तेव्हा ते ओशाळवाणं दिसतं. छापलेल्या कॅनव्हासवर पारदर्शक जेल फासून ब्रशचे फटकारे उठवतात, त्याला 'हाताने सजवलेलं' म्हणतात आणि जास्त पैसे लावतात. त्या फटकाऱ्यांचा मूळ चित्रातल्या फटकाऱ्यांशी काडीचा संबंध नसतो. फाइन आर्ट्‌सचे ते मित्र हसलेच, तर याला हसतील. किंवा सोनेरी प्लास्टिकच्या नक्षीदार फ्रेमला. पांढऱ्या माउंटमध्ये, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत, काचेमागे, साध्या लाकडी पट्टीत लावलेल्या चांगल्या प्रिंटला चित्रकार मंडळी हसत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या खोल्यांमध्ये म्युझियममधून आणलेली पोस्टकार्डं भिंतीला टाचलेली असतात. आणि समजा हसलेच, तरी त्या भिंतीसमोर रोज संध्याकाळी झोपाळ्यावर तुम्ही बसणार आहात, ते नाही.

तेव्हा छापील चित्र लावण्यात कमीपणा नाही. पण छापील गायतोंडे? इथे मी तुमच्या विरुद्ध बाजूला आहे.

गायतोंडे (जन्म १९२४, नागपूर, मृत्यू २००१) यांची तुम्ही पाहिलेली चित्रं आठवा. त्यांत 'काय' आहे हे सांगता येत नाही, कारण सगळी गंमत पृष्ठभागात आहे. रोलरने आणि पॅलेट नाइफने पातळ रंग पसरायचा, वाळू द्यायचा, पुन्हा पसरायचा, कागद दाबून मधलाच रंग उचलून घ्यायचा, खालचा थर किंचित उघडा पाडायचा. असे थरावर थर. त्यांच्या चित्रासमोर आपण डावी-उजवीकडे सरकलो की उजेड बदलतो आणि एखादा भाग मागे गेल्यासारखा वाटतो, तो या थरांमुळे. छपाईत हे सगळे थर एकाच सपाट पातळीवर येतात. उरतो काय, तर एक पिवळसर पार्श्वभूमी आणि काही गडद आकार. सासूबाई त्याला डाग म्हणतात ना? मूळ चित्राबद्दल त्यांचं मत काय झालं असतं कोण जाणे, पण त्या प्रिंटबद्दल त्या फार चुकीच्या नाहीत! तुम्हाला मुंबईत जे दिसलं ते चार बाय पाचच्या प्रिंटमध्ये मिळणार नाही, आणि रोज पाहून पाहून तुमच्या आठवणीतलं चित्रही हळूहळू फिकं पडेल अशी मला भीती वाटते.

काही चित्रं छपाईला सोसतात आणि काही सोसत नाहीत, हे विक्रेता कधीच सांगत नाही. तो आकार आणि 'मूड' विचारतो. सपाट रंग, ठाम कडा, स्पष्ट रेषा असलेली चित्रं बहुतेक टिकतात. रझांचे उत्तरायुष्यातले बिंदू ॲक्रिलिकमधले, भौमितिक आकारांचे. काळ्याची खोली थोडी कमी होते, पण चित्राची बांधणी शाबूत राहते. बंगालचे चित्रकार जामिनी रॉय तर छापायला सर्वांत भले, जाड काळी रेषा आणि मोजके मातकट रंग. शिवाय ते स्वतःच एकाच विषयाची चित्रं पुन्हा पुन्हा करत, घरच्यांना हाताशी धरून, आणि सामान्य माणसाला परवडेल अशा भावात विकत. 'एकमेव मूळ प्रत' या कल्पनेचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं, त्यामुळे त्यांचं प्रिंट लावताना तुम्हाला अपराधी वाटायचं कारणच नाही. जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट मुळातच लाकडी ठशांवरून छापलेली. व्हॅन गॉगच्या रंगाचा जाड थर प्रिंटमध्ये येत नाही, तरी रेषेचा जोर येतो. अमृता शेरगिल मधल्या गटात. आकृत्या आणि रंग पोचतात, रंगाचं वजन पोचत नाही. आपल्याच बडोद्याच्या फाइन आर्ट्‌स महाविद्यालयात १९७२ पासून १९९० साली जाईपर्यंत शिकवणाऱ्या नसरीन मोहम्मदींच्या पेन्सिल आणि शाईच्या रेघा मात्र छापात एकतर जाडावतात नाहीतर तुटतात. ते काम गायतोंड्यांसारखंच, प्रत्यक्ष पाहण्याचं.

आता आकार. भिंत दहा फुटांची म्हणून चित्र पाच फुटांचं, हा हिशेब पडद्याचा झाला. चित्राला स्वतःचं माप असतं. ती लाट जेमतेम २५ बाय ३७ सेंटीमीटरची आहे, हातात धरून पाहायची वस्तू. लोक ती सोफ्याएवढी छापून घेतात आणि मग ती हॉटेलच्या लॉबीतली दिसते. मूळ मापाच्या आसपास राहावं, लहान चाललं तर लहान, पण मूळापेक्षा मोठं सहसा नकोच. मोठं करताना आणखी एक भानगड असते. जवळून पाहायच्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके हवेत, पाच-सहा फुटांवरून पाहायचं असेल तर १५० चालतात. चार बाय पाच फूट म्हणजे ४८ बाय ६० इंच, तेव्हा १५० च्या हिशेबानेही फाइल ७,२०० बाय ९,००० पिक्सेलची लागते. कॅटलॉगमधून उचललेला २,००० पिक्सेल रुंदीचा फोटो त्या मापाला ताणला, तर इंचाला चाळीसच्या आसपास ठिपके उरतात. सॉफ्टवेअर मधल्या जागा अंदाजाने भरतं. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा: फाइल किती पिक्सेलची आहे आणि ती कुठून मिळाली?

दुसऱ्या भागाचं उत्तर देताना तो अडखळला, तर तिथेच थांबा. भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. गायतोंड्यांचा २०६१ अखेर, रझा २०१६ साली गेले म्हणजे त्यांचा २०७६ अखेर, जामिनी रॉय यांचा २०३२ अखेर. ही चित्रं छापून विकायची तर हक्कदारांची परवानगी लागते. ज्यांच्याकडे ती असते ते आपणहून, ठळक अक्षरांत सांगतात. तुमच्या पत्रात सर्टिफिकेटचा उल्लेख आहे, परवानगीचा नाही. ते सर्टिफिकेट फार तर इतकंच सिद्ध करतं की प्रिंट त्याच कंपनीने काढलं आहे. 'लिमिटेड एडिशन'चंही तेच. फोटोवरून काढलेल्या प्रिंटच्या प्रती ५०० वर थांबवायच्या की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर असतं, मशीनला काहीच अडचण नसते. यजमानांना म्हणावं, 'नक्कल' हा आक्षेप सोडून 'परवानगी आहे का' हा धरा, मग मीही तुमच्या बाजूने.

परवानगीची कटकट नको असेल तर वाटा आहेत. रविवर्मा १९०६ साली गेले, अमृता शेरगिल १९४१ साली. दोघांची चित्रं आता मुक्त आहेत. अमृताची बरीचशी चित्रं दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत आणि त्या संग्रहालयाच्या विक्री केंद्रावर तिथल्या चित्रांच्या छापील प्रती मिळतात. मूळ चित्र ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनीच काढलेली प्रत म्हणजे रंगाबद्दल निदान जबाबदारी घेणारं कुणीतरी आहे. परदेशी चित्रं हवी असतील तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०१८ पासून हक्कमुक्त चित्रांच्या मोठ्या फाइली फुकट खुल्या केल्या आहेत, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने त्याआधीच. व्हॅन गॉगची बेडरूम, सायप्रसची झाडं असलेलं गव्हाचं शेत, होकुसाईची लाट, सगळं घरबसल्या उतरवून घेता येतं. फाइल घेऊन चांगल्या फोटो प्रिंटवाल्याकडे जायचं. यात कुणाची चोरी नाही, आणि तुमचे पैसे सगळेच्या सगळे कागद-शाईत जातात.

कागद-शाईबद्दल चार शब्द, कारण 'म्युझियम क्वालिटी'ला आयएसआय मार्क नसतो. ज्याला वाटेल त्याने लिहावं. प्रत्यक्षात पाहायचं ते असं. शाई पिगमेंटची हवी, डायची नको; डाय लवकर उडते. कागद कापसाचा, आम्लमुक्त, निदान ३०० ग्रॅमच्या आसपासचा. हातात धरला की तो ड्रॉइंग पेपरसारखा भरीव लागतो. मी तुमच्या जागी असते तर कॅनव्हास टाळला असता. कागदावरचं प्रिंट छापील असल्याचं कबूल करतं, कॅनव्हासवरचं सोंग घेतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅनव्हास सैलही पडतो. माउंट बोर्डही आम्लमुक्तच मागा. साधं बोर्ड काही वर्षांत कापलेल्या कडेला पिवळं पडतं आणि मग तो पिवळेपणा प्रिंटवर उतरतो. माउंटचं आणखी एक काम म्हणजे प्रिंट काचेला चिकटू न देणं. जुन्या फोटोंचे चेहरे काचेला चिकटून निघालेले आपण सगळ्यांनी पाहिलेत, ते याचमुळे. आणि फ्रेमवाल्याला बजावून सांगा की प्रिंट मागे फेविकॉलने किंवा दुहेरी टेपने चिकटवायचं नाही, वरच्या कडेला दोन बिजागऱ्या तेवढ्या द्यायच्या, कागदाच्या आणि पाण्याने सुटणाऱ्या खळीच्या. तो म्हणेल, "बेन, फुगून जशे." फुगू दे थोडं. चिकटवलेलं प्रिंट कायमचं मेलं. काच नेहमीची घेतलीत तरी चालेल, पण भिंतीवर उजेड जास्त येत असेल तर अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक घ्या. पैसे वाचवायचे तर लाकडाच्या पट्टीत वाचवा, काचेत आणि माउंटमध्ये नको.

यजमानांचा दुसरा मुद्दा, 'एवढ्या पैशात खरं काहीतरी घे', हा तुम्ही पत्रात टोमणा म्हणून लिहिलाय. मला तो टोमणा वाटला नाही. दिल्ली-मुंबईकडे डोळे लावलेल्या माणसाला 'खरं चित्र' म्हटलं की लिलाव आठवतो. हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला १.३८ कोटी डॉलरला गेलं, तसले आकडे. पण तुम्ही बडोद्यात राहता, ताई. १९५० साली सुरू झालेलं फाइन आर्ट्‌सचं महाविद्यालय तुमच्या बँकेपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. मूळचे इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथे शिकवत होते, के. जी. सुब्रमण्यन होते, ज्योती भट्टांनी इथे छापचित्रणाचा नाद लावला, आणि 'छाप' नावाची छापचित्रांची कार्यशाळाही आपल्या गावात आहे. एचिंग, वुडकट, लिथोग्राफ: ही छापचित्रं म्हणजे कुठल्या तरी चित्राचे फोटो नव्हेत. चित्रकार तांब्या-जस्ताची प्लेट किंवा लाकूड स्वतः कोरतो, लिथोग्राफसाठी दगडावर स्वतः रेखाटतो, मोजक्या प्रती काढतो, प्रत्येकीखाली पेन्सिलीने क्रमांक टाकतो, ४/२० असा, आणि सही करतो. तिथली प्रत्येक प्रत मूळच असते. विद्यार्थ्यांची आणि तरुण चित्रकारांची अशी कामं काही हजारांत मिळतात. महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनाला जा, यजमानांनाही न्या. आणि त्या मित्रांना बरोबर घ्या. हसणाऱ्या माणसाला कामाला लावलं की त्याचं हसणं बंद होतं आणि माहिती सुरू होते.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. विद्यार्थ्याचं काम 'पुढे भाव येईल' म्हणून घेऊ नका. येईल किंवा नाही येणार, बहुतेकांचा येत नाही. आणि यजमानांचं तोंड बंद करायला म्हणून न आवडणारं अस्सल घेऊ नका. न आवडणाऱ्या अस्सल चित्रापेक्षा आवडणारं छापील जामिनी रॉय परवडलं. किमतीतही आणि मनालाही.

एवढं सगळं जमेस धरून माझा सल्ला असा: तीनचा सेट घेऊ नका. जे तिसरं चित्र 'रंगाला जुळणारं' आहे त्याचं नावही तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, यातच आलं. एकच चित्र घ्या. ते छापील असेल तर सोसणारं निवडा. रझा हवे असतील तर परवानगीने छापलेलं. मध्यम मापाचं, कागदावर, नीट माउंट केलेलं. साठ हजारांतले बरेचसे वाचतील, त्यातून वर्षभरात एखादं छापचित्र येईल. गायतोंडे मात्र पाहायला जात राहा. मुंबईला, दिल्लीला, जिथे लागतील तिथे. त्यांचं एक चांगलं पुस्तक घरी ठेवलंत तर प्रिंटपेक्षा जास्त उपयोगी पडेल. आणि घाई कशाला? भिंत चार-सहा महिने कोरी राहिली तर कुणी दंड करत नाही. तोवर त्या जागी मापाचा तपकिरी कागद चिकटपट्टीने लावून ठेवा आणि झोपाळ्यावरून पाहा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटीमीटरवर असावा असा एक सर्वसाधारण नियम आहे, पण तो उभं राहून पाहणाऱ्यांसाठी. तुमच्या घरी पाहणारा बसलेला आणि झुलता, तेव्हा वीतभर खाली आणा.

सासूबाईंच्या लक्ष्मीचं वेगळं. ती या स्पर्धेत उतरवू नका, त्यांनाच विचारा तिला कुठे बसवायचं. पण लावण्याआधी तिची फ्रेम उघडून घ्या, जाणत्या माणसाकडून. मागे जुना पुठ्ठा किंवा लाकडी फळी असेल तर ती आम्लाने कागद करपवत असते, बदला. ओल्या फडक्याने पुसू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. जरीकाम असेल तर त्याला हात लावू नका, उखडलेलं असलं तरी. आणि राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंग म्युझियममध्ये रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं आहेत, तिथे सासूबाईंना एकदा घेऊन जा. घरी आल्यावर मूळ आणि छापील यांत काय फरक वाटला, हे यजमानांनी नाही, त्यांनी सांगू दे.

जागेबद्दल: पत्रात भिंत कुठल्या दिशेची ते नाही. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट पडत असेल तर ती भिंत कागदासाठी बाद. म्युझियमं कागदावरच्या कामांना साधारण ५० लक्स उजेडात ठेवतात, म्हणजे आपल्याला अंधारच वाटेल इतका. घरी तेवढं काटेकोर राहता येत नाही, पण ऊन आणि डोक्यावर रोखलेला फोकस तरी टाळता येतो. भिंत इमारतीच्या बाहेरच्या बाजूची असेल तर पावसाळ्यात ओल धरते का, ते एक पावसाळा पाहून घ्या. काही झालं तरी फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावा, म्हणजे मागून हवा खेळते. फ्रेमची पाठ कागदाने बंद करून घ्या, नाहीतर कसर आत शिरते आणि तिला कापसाचा कागद फार आवडतो. दिवाळीच्या साफसफाईत काचेवर थेट स्प्रे मारायचा नाही, फडक्यावर मारून मग पुसायचं; थेट मारलेलं पाणी खालच्या कडेतून माउंटमध्ये उतरतं.

ज्या वाचकांची घरं भाड्याची आहेत किंवा बदल्या होत असतात, त्यांनी काचेऐवजी ॲक्रिलिकच घ्यावं. हलकं असतं आणि टेम्पोत फुटत नाही. लहान मापाची दोन-तीन चित्रं एका मोठ्यापेक्षा सोयीची, पुढच्या घराची भिंत कशी निघेल सांगता येत नाही.

आणि ताई, खिळ्याचं. भायलीकडच्या बऱ्याच नव्या इमारतींत आतल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यात साधा खिळा ठोकला तर आज बसतो आणि महिन्याभरात भुसा पडून सैल होतो. बिल्डरकडून भिंत कशाची आहे ते विचारा, त्या ब्लॉकसाठीचे वेगळे प्लग मिळतात ते घ्या, आणि काचेच्या फ्रेमला एक नको, दोन हुक द्या.